चौऱ्याहत्तर नंबरचे प्रवासी

कंपनीत तिला सगळे कडीताई म्हणत. तिचं खरं नाव बहुधा हजेरीच्या यंत्रालाच ठाऊक असावं. लोकांची मतं गोळा करून देणं हा कंपनीचा धंदा. कुणाला साबणाबद्दल विचारायचं असो, कुणाला शाळेबद्दल, प्रश्न इथे यायचे आणि कंपनीकडे कायमची नोंदलेली जी हजारो माणसं होती, त्यांच्या फोनवर जायचे. या नोंदलेल्या माणसांना म्हणायचं पॅनेल. ही माणसं आणायची कुठून, यावरून त्या इमारतीच्या दोन मजल्यांमध्ये चांगलंच वाजलेलं होतं.

तळमजल्यावर कडीताईचा विभाग. तिची पद्धत जुनी आणि भल्याभल्यांचं डोकं उठवणारी. शहरातल्या सगळ्या घरांमधून चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे पत्ते निघायचे, आणि जो पत्ता निघेल त्याच घराची कडी वाजवायची. शेजारचे लोक कितीही गोड असोत, चालायचे नाहीत. घर बंद असलं तर पुन्हा जायचं. नाही म्हणाले तर पुन्हा जायचं. कुत्रं अंगावर आलं तर आधी कुत्र्याशी ओळख वाढवायची आणि मग पुन्हा जायचं. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला कंपनीचा टॅब द्यायचा आणि तो कसा चालवायचा ते शेजारी बसून शिकवायचं. सगळ्यात विचित्र नियम म्हणजे, स्वतःहून येईल त्याला घ्यायचं नाही. मालकांच्या बायकोने एकदा हौसेने म्हटलं, "माझंही नाव घाल की गं." कडीताई म्हणाली, "वहिनी, तुमच्या घराचा पत्ता निघाला तर मी स्वतः येईन." तो काही निघाला नाही. वहिनी तेव्हापासून तिच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलत नसत.

वरच्या मजल्यावर जावईबापू. मालकांचा जावई म्हणून हे नाव, अर्थात त्याच्या पाठीमागे. माणूस वाईट नव्हता. चटपटीत होता, हुशार होता, कुणालाही आग्रहाने चहा पाजायचा. फक्त थांबणं हा प्रकार त्याला माहीत नव्हता. त्याने इंटरनेटवर जाहिराती सोडल्या होत्या: मत द्या, पॉइंट मिळवा, बक्षीस न्या. लोक येत गेले. कडीताईच्या माणसांनी एक घर पटवेपर्यंत वर एक अख्खा मोहल्ला नोंदवलेला असायचा. जावईबापूचं पॅनेल दुधासारखं उतू चाललं होतं आणि कडीताईचं वाटीने मोजावं लागत होतं.

"ताई, तुमची माणसं आणायची पद्धत बैलगाडीची झाली," तो एकदा म्हणाला.

"असू दे बैलगाडीची," कडीताई म्हणाली. "बैलगाडीत कोण बसलंय ते तरी मागे वळून बघता येतं."

मालकांना, म्हणजे ज्यांना सगळे थोरले म्हणत त्यांना, दोन्ही मजल्यांचा खर्च परवडेनासा झाला होता. शेवटी त्यांनी दोघांना बोलावून सांगून टाकलं. शहराच्या बससेवेचं काम आलंय. थांब्यावरच्या तिकीट-खिडक्या बंद करून सगळी तिकिटं फोनवर द्यावीत का, हे त्यांना ठरवायचंय. एकच प्रश्नावली दोन्ही पॅनेलला पाठवा. ज्याचं उत्तर बसवाल्यांना पटेल तो विभाग राहील, दुसरा बंद होईल. एवढं सांगून ते चष्मा पुसत बसले. कडीताईच्या विभागात तिच्याशिवाय तिघीजणी होत्या, उन्हातान्हात जिने चढून चढून पिंडऱ्या दगडासारख्या झालेल्या. त्यातल्या एकीला सगळे लांबडी म्हणत, कारण तिचं डोकं दाराच्या चौकटीला लागायचं. विभाग गेला तर या तिघी दुसऱ्याच दिवशी घरी बसणार होत्या, आणि कडीताईला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नव्हतं.

प्रश्नावली कडीताईनेच लिहिली. सरळ प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं, हे वरचा मजलासुद्धा मानत असे. बसवाल्यांना एका ठरावीक मार्गाची काळजी होती. बाजार, दवाखाना, शाळा सगळं एका माळेत ओवणारा तो सगळ्यात लांबचा मार्ग. खिडक्या बंद करायच्या तर तिथूनच सुरुवात होणार होती. म्हणून पहिला प्रश्न होता, गेल्या महिन्यात या मार्गाच्या बसने तुम्ही गेलात का? हो म्हणाल तर पुढचे प्रश्न, म्हणजे तिकीट कसं काढता, खिडकीवर की फोनवर, बसायला जागा मिळते का, वगैरे. मार्गाचा नंबर बसवाल्यांच्या ऑफिसातून फोनवर सांगितला गेला आणि कडीताईने तो कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घेतला.

प्रश्नावली गेली. उत्तरं येऊ लागली. आणि कडीताईची पाचावर धारण बसली.

तिच्या पॅनेलमध्ये त्या बसने जाणारा एकही माणूस नव्हता. कमी नव्हे, एकही नाही. शहरातल्या सगळ्यात गर्दीच्या बसचा एकही प्रवासी नाही म्हणजे पुढचे सगळे प्रश्न कोरे. खिडकी नाही, फोन नाही, काहीच नाही. वरच्या मजल्यावर मात्र प्रवाशांची रांग लागली होती. दुपारी जावईबापू मुद्दाम जिना उतरून खाली आला.

"ताई, तुमची माणसं घराबाहेर पडतात ना?" त्याने विचारलं. चेष्टाच होती, पण त्यात थोडी दयासुद्धा होती, आणि ती दया तिला जास्त झोंबली.

तो गेला आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे शिंपीणबाई. तिच्या पॅनेलमधली ही बाई कपडे शिवायची. तिसऱ्या खेपेला कुठे तिने दार उघडलं होतं, आणि नोंद झाल्यापासून मात्र एकही सर्व्हे चुकवला नव्हता.

"ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"का हो, काय झालं?"

"ही चौऱ्याहत्तर नंबरची बस कुठून सुटते? माझं अर्धं आयुष्य थांब्यावर गेलं, ही सटवी मला कधी दिसली नाही. म्हटलं नवीन काढली असेल, आपल्याला कळली नसेल. थांब्यावर जाऊन विचारलं तर तो कंडक्टर माझ्याकडे बघून हसला. तुमच्यापायी हसू करून घेतलं मी."

"मग तुम्ही उत्तर काय दिलंत?"

"काय देणार? नाही म्हटलं. तुम्हीच सांगितलंय ना, नसेल तर नाही म्हणा म्हणून."

ती फोन ठेवते न ठेवते तोच एका रखवालदाराचा आला. मग एका निवृत्त मास्तरांचा, त्यांनी तर 'अशी बस अस्तित्वात नाही, प्रश्नकर्त्याने खातरी करून घ्यावी' असं टॅबवर टाइप करून वर फोनही केला होता. कडीताईने बसवाल्यांच्या ऑफिसला फोन लावला.

"चौऱ्याहत्तर?" पलीकडचा कारकून म्हणाला. "बाई, आमचे मार्ग साठाच्या पुढे जात नाहीत. मी तुम्हाला सत्तेचाळीस सांगितलं होतं."

तिने कागदाचा कोपरा बघितला. तिच्याच हातचे दोन ठसठशीत आकडे, आधी सात, मग चार. तिला सगळं लख्ख दिसलं. सत्तेचाळीस. कानावर सात आधी पडला आणि हाताने सात आधी लिहिला. आपल्या भाषेत आकडा बोलायचा एकीकडून आणि लिहायचा दुसरीकडून, आणि या एका गोष्टीपायी शाळेत तिने इतके वेळा अंगठे धरले होते की मोठी झाल्यावर हे खूळ गेलं असं ती धरून चालली होती. गेलं नव्हतं. ऐन वेळी उपटलं होतं.

तिघी तिच्या टेबलाभोवती गोळा झाल्या. तिने काही न लपवता सांगून टाकलं, की चूक माझी आहे आणि तुमच्या नोकऱ्या माझ्या एका आकड्यावर टांगल्या गेल्यात.

"पण ताई," लांबडी म्हणाली, "बस नाहीच, तर वरती तिच्यात बसलंय कोण?"

कडीताईने तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून ती उठली आणि जिना चढून वर गेली.

जावईबापू खुशीत होता. तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. ती बसली नाही.

"चौऱ्याहत्तर नंबरची बस नाहीच आहे," ती म्हणाली. "मी नंबर उलटा लिहिला. चूक माझी. पुन्हा विचारावं लागेल."

"नाही कशी?" तो म्हणाला. "सहाशे माणसं रोज बसतात तिच्यात."

"कुठे बसतात?"

"बसमध्ये." त्याने स्क्रीन तिच्याकडे फिरवली. "हे बघा. जागा मिळते का, तर हो. चालकाचं वागणं, उत्तम. हा माणूस लिहितोय, खिडकीजवळची सीट फार आरामशीर आहे. आणि तिकीट जवळजवळ सगळेच फोनवर काढतात, खिडकीवर जाणारे शेकड्यात तीन-चार. ताई, माझ्याकडे डेटा आहे."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नसलेल्या बसमधली खिडकीजवळची सीट तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. किती वर्षं हे असंच चाललं असेल, किती साबण आणि किती शाळा या लोकांच्या भरवशावर ठरल्या असतील, असं तिच्या मनात आलं.

"एकदा बसवाल्यांना फोन करून विचारा," ती म्हणाली.

"ताई, हरायला लागल्यावर पट उधळायचा नसतो," जावईबापू म्हणाला, पण मऊ आवाजात. त्याच्या घरी दोन गाड्या होत्या. बसच्या नंबरांशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता.

तशीच ती थोरल्यांकडे गेली आणि त्यांनाही सांगितलं. थोरले डोळे मिटून ऐकत होते, झोपलेत की काय अशी शंका यावी इतके स्वस्थ.

"त्याला सांगितलंत?"

"सांगितलं. पटत नाही म्हणतो."

"बरं. चूक तुमची आहे, तर बसवाल्यांबरोबरच्या बैठकीत ती तुम्हीच त्यांच्या मॅडमना सांगायची. मी मध्ये पडणार नाही." मग एक डोळा उघडून ते म्हणाले, "आणि बरोबर नंबर कोणता होता म्हणता? तो विचारायला तुम्हाला कुणी अडवलंय का?"

तिने त्याच संध्याकाळी आपल्या पॅनेलला पुन्हा प्रश्न पाठवला, वर दोन ओळींत माफी मागून. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या कड्या तिघींनी सकाळी जाऊन वाजवल्या. माणसं चिडली नाहीत. बऱ्याच जणांना आपलं म्हणणं खरं निघाल्याचा आनंदच झाला होता. मास्तरांनी तर 'आता ठीक आहे' असा शेरा मारून सही केली.

घरी मात्र तिला घास उतरेना. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि त्यात अलीकडे गिऱ्हाइकापेक्षा माश्याच जास्त यायच्या.

"अगं, तू एक चूक केलीस आणि ती सांगूनही टाकलीस," तो म्हणाला. "आता आणखी काय करणार? आणि खरं सांगू, त्या तुझ्या नसलेल्या बसला निदान गर्दी तरी आहे. आमच्या असलेल्या दुकानाकडे बघ."

ती हसली, आणि हसल्यावर दोन घास जास्तच जेवली.

बैठक वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत होती. बससेवेच्या मुख्य अधिकारी असलेल्या मॅडम बसनेच आल्या होत्या. हातात तिकिटाचा चिटोरा तसाच होता आणि तो कुठे टाकावा हे त्या शोधत होत्या. कडीताई उठून म्हणाली, "आधी मला एक गोष्ट सांगायची आहे."

"ताई, क्रमाने होऊ दे," जावईबापू म्हणाला.

तिने थोरल्यांकडे बघितलं. थोरल्यांनी तिला हातानेच बसायची खूण केली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

जावईबापूने रंगीत चित्रं दाखवायला सुरुवात केली. बोलायचा तो फार छान. "मॅडम, चौऱ्याहत्तर ही तुमची सगळ्यात लाडकी बस आहे."

मॅडमचा हात चिटोऱ्यासकट थांबला. "कोणती?"

"चौऱ्याहत्तर. प्रवासी इतके खूश आहेत की आमची पहिली सूचना म्हणजे, तिच्या फेऱ्या वाढवा. आणि दुसरी, खिडक्या खुशाल बंद करा. सगळे फोनवर तिकीट काढतात."

"फेऱ्या जरूर वाढवते," मॅडम म्हणाल्या. "पण त्यासाठी आधी ती बस काढावी लागेल. अशी बस आमच्याकडे नाही."

जावईबापूने पुढचं चित्र आणायला बोट उचललं होतं, ते तसंच राहिलं. त्याने कडीताईकडे बघितलं, आणि तिने आपल्याला काय सांगितलं होतं ते त्याला आत्ता कुठे ऐकू आलं.

कडीताई उठली. "चूक माझी आहे, मॅडम. तुमच्या माणसाने सत्तेचाळीस सांगितलं, मी सात आधी लिहिला. पण चूक दोन्ही मजल्यांवर एकच गेली. आमच्या खालच्या पॅनेलमध्ये त्या बसने गेलोय असं एकानेही म्हटलं नाही. उलट फोन करून माझीच खरडपट्टी काढली."

"आणि वरचे सहाशे?"

"ते खोटारडे नाहीत," ती म्हणाली. जावईबापूने मान वर केली. "आपण त्यांना तसं केलं. जाहिरात बघून जो येतो तो पॉइंटसाठी येतो. पहिल्या प्रश्नाला नाही म्हटलं की सर्व्हे तिथेच संपतो आणि पॉइंट बुडतात. दोन-चारदा असे हात पोळले की माणूस शिकतो, काहीही विचारलं तरी हो म्हणायचं. आणि फोनवरच्या जाहिरातीतून आलेल्याला, तू फोन वापरतोस का असं विचारलं, तर तो दुसरं काय सांगणार? ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना ती जाहिरात दिसलीच नाही. माझी माणसं आपण होऊन आलेली नाहीत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. हो म्हणा, नाही म्हणा, माहीत नाही म्हणा, मान सारखाच आहे हे दारात उभं राहून सांगितलं. म्हणून ती नाही म्हणू शकतात."

मग तिने सत्तेचाळीसचे आकडे सांगितले. शंभरातले अडतीस प्रवासी खिडकीवर तिकीट काढतात, आणि त्यातल्या बहुतेकांना दुसरा काही मार्गच नाही.

मॅडमनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "या मार्गाच्या खिडक्यांवर शंभरातली किती तिकिटं जातात ते आम्ही मोजतो. एवढा एक आकडा मी तुमच्यापासून मुद्दाम लपवला होता. म्हटलं बघू, कोण कुठवर पोचतं." त्यांनी कागद टेबलावर सरकवला. त्यावर लिहिलं होतं, एकोणचाळीस.

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एका आकड्याला लागावा त्यापेक्षा बराच जास्त वेळ तो कागद वाचला. मॅडमना हसू आवरेना. खिडकीजवळच्या सीटचा शेरा त्यांनी दोनदा वाचून दाखवायला लावला आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. खिडक्या राहणार, हे त्यांनी तिथेच सांगितलं. पुढच्या वर्षभराचं सगळं काम खालच्या मजल्याला द्यायचं, हेही सांगितलं. त्या गेल्यावर थोरले जावयाकडे वळले.

"तुझ्या जाहिराती आजपासून बंद. आणि उद्यापासून तू खाली बसायचं. ताई सांगतील त्या घराची कडी वाजवायची."

जावईबापूचे कान लाल झाले होते. पण तो पळपुटा नव्हता. "ताई, तुम्ही वर येऊन मला सांगितलं होतंत," तो म्हणाला. "मी ऐकायला हवं होतं."

"उद्या चपला जाडजूड घालून या," कडीताई म्हणाली. "पहिलं घर चौथ्या मजल्यावर आहे."

ती जिना उतरू लागली आणि मधेच थांबली. कठड्याला टेकून उभी राहिली. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं असं अचानक उठलं, की तिला क्षणभर तोल सावरता येईना. तिने कठड्यावर एक गुद्दा मारला. दुखलं, तरी आणखी एक मारला. मग पदराने तोंड पुसून ती खाली गेली.

खाली तिघींनी आवराआवर केली होती. टॅब खोक्यांत भरून वर चिकटपट्टी मारली होती, टेबलं रिकामी होती, आणि तिघी आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन ओळीत बसल्या होत्या. तिचे लाल डोळे बघून तिघींतल्या धाकटीने तोंडाला पदर लावला.

"खोकी फोडा," कडीताई म्हणाली.

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, ताईच्या मनावर परिणाम झाला.

"अगं फोडा म्हणतेय ना. नवे पत्ते काढायचेत. वर्षभराचं काम आलंय. आणि उद्यापासून तुमच्याबरोबर एक नवीन माणूस जिने चढणार आहे, त्याला कुत्र्यांची ओळख करून द्या."

लांबडी उभी राहिली. "म्हणजे ताई, आपण जिंकलो?"

कडीताई उभ्या आयुष्यात खातरी केल्याशिवाय कशालाही हो म्हणाली नव्हती. नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही तिने विचार करायला वेळ मागून घेतला होता.

"हो," ती म्हणाली. "हो, हो, जिंकलो."

आणि मग त्या तिघींनी जो गलका केला, तो वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीतही ऐकू गेला.